दाढाजीस ऊन नेमून दिल्याची हकिकत

श्रीसूर्यनारायण प्रसन्न. जो न मागता देतो आणि दिल्याचे बोलून दाखवीत नाही, त्यास आधी नमस्कार करून लिहिणार लिहितो ऐसे जे, शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरे, आश्विन वद्य पंचमीस एका राज्यात समुद्रापलीकडील एक जनावर आले, आणि त्यास कोणत्या उजेडी ठेवावे याचा विचार आठ मास पडला. ती हकिकत वडील माणसांच्या तोंडी ऐकिली तैसी लिहिली आहे. त्या राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्य लहान, परंतु गड उंच. घाटमाथ्याच्या ऐन कडेवर गड, ढगांची वाट गडावरूनच, म्हणोन वर्षातून चार-पाच मास गड धुक्यात बुडालेला असे. सदरेवरून हाक मारिली तर हाक पोचे, आणि माणूस दिसत नसे. ऐशा गडावर दिव्याचे महत्त्व थोर. दिवाबत्तीचे काम सटवोजी दिवटे याजकडे होते. त्याच्या आज्यापासून तीन पिढ्या ती चाकरी घरात. सटवोजी पन्नाशीचा, अंगाने किरकोळ, बोलणे थोडके, आणि डोळे सदा अर्धे मिटलेले, कारण लहानपणापासून ज्योतीकडे पाहत आलेला. कोणती वात किती प्रहर चालेल, कोणत्या तेलाचा उजेड पिवळा आणि कोणत्याचा पांढुरका, हे तो नुसत्या वासावरून सांगे. गडावरच्या धुक्यात त्याने लाविलेले दिवे दुरून पाहिले म्हणजे पाण्याखाली कोणी फुले ठेविली आहेत ऐसे वाटे, आणि आपण रोज थोडाथोडा दिवस तयार करितो, ऐसा सटवोजीच्या मनात एक गुप्त अभिमान होता. तो त्याने कोणास बोलून दाखविला नव्हता.

राज्य कमळाऊसाहेब पाहत, त्यांस सर्व लोक आईसाहेब म्हणत. यजमान निवर्तल्यास बारा वर्षे जाहली होती, पोटी संतान नव्हते, आणि जिवाभावाचे म्हणावे ऐसे माणूस एकच, धाकटे बंधू सुभानराव. ते लहानपणापासून बहिणीपाशी वाढलेले, पुढे आरमारावर गेले, आणि तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या गलबतावर दक्षिणसमुद्रात दूर निघून गेले. मग आश्विन वद्य पंचमीस पदाजी तांडेल म्हणोन त्या गलबतावरचा एक म्हातारा दर्यावर्दी गड चढून आला, आणि वेताची पेटी आईसाहेबांपुढे ठेवून खाली मान घालून उभा राहिला. त्याने सांगितले की, सुभानराव वाटेत ज्वराने गेले, देह समुद्रास दिला, आणि शेवटपर्यंत हे जनावर त्यांच्या छातीवर बसून होते. आईसाहेबांनी ऐकून घेतले. डोळ्यांस पाणी आले नाही. इतकेच बोलिल्या की, 'सुभानाने धाडिले आहे, तो मागून येईल.' सभेत कोणी शब्द काढिला नाही. त्या दिवसापासून आईसाहेब महालाच्या बाहेर पडेनाशा जाहल्या, सुतक धरिले नाही, बंधूचे क्रियाकर्मही करू दिले नाही.

पेटीत जनावर होते ते सरड्याच्या जातीचे, परंतु हातभर लांब, रंगाने वाळल्या गवतासारखे, कुशींस मऊ काटे, आणि गळ्याखाली काट्यांची झालर. रागे भरले म्हणजे ती झालर फुगे आणि काळी पडे, आणि कोणा बुजुर्गाची दाढी दिसावी तैसी दिसे. म्हणोन आईसाहेबांनी त्याचे नाव दाढाजी ठेविले. स्वभावाने गरीब. मोठे माणूस जवळ आले की पुढला एक पंजा उचलून हळूहळू हवेत फिरवी, आणि गडावरचे लोक म्हणू लागले की हे मुजरा करिते. खाणे नाकतोडे, किडे आणि कोवळा पाला. पदाजीस विचारिले की हे कोठले. त्याने सांगितले की, तांबड्या मातीचा मुलूख आहे, तेथे झाड थोडे, पाऊस थोडा, दगड तापलेले, त्या दगडांवर हे तोंड उघडून दिवसभर बसतात. आईसाहेबांनी विचारिले, 'मग येथे कसे राहील?' पदाजी म्हणाला, 'त्यास उजेड लागतो, आईसाहेब. गलबतावर राव त्यास डोलकाठीपाशी घेऊन बसत.' इतके सांगून तो दुसरे दिवशी समुद्राकडे उतरून गेला, आणि उजेड कोणता, हे त्यास पुसावयाचे राहून गेले.

मग आईसाहेबांनी सटवोजीस बोलावून आज्ञा केली की, दाढाजीचे घर माझ्या महालात करावे आणि त्यात दिवस मावळू देऊ नये. तीन पिढ्यांत ऐसे काम कोणी सांगितले नव्हते. त्याने शिसवी लाकडाचा दोन हात रुंद, चार हात लांब पिंजरा करविला, तळास वाळू घातली, मधे काळा दगड ठेविला, आणि वर चहूकडे दिवे टांगिले. प्रथम समया लाविल्या, तो उजेड मवाळ वाटला. मग करंजेलाच्या जागी खोबरेल घातले, मग पितळी आरसे बसवून उजेड दगडावर पाडिला, मग तांबड्या आणि निळ्या काचेच्या हंड्या आणून अडकविल्या. दगडाखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून तो कोमट राखिला. महालातील पडदे सोडलेले, बाहेर धुके, आणि आत त्या पिंजऱ्यात तांबडा, निळा, सोनेरी उजेड हलत असे, आणि आईसाहेब पाटावर बसून तासन् तास त्याकडे पाहत. सटवोजीस त्या वेळी ऐसे वाटे की आपण एका झोपेतल्या गावात दिवे लावीत आहो आणि ती झोप आपली नव्हे, दुसऱ्या कोणाची आहे. दाढाजी दगडावर पडून असे. कधी डोळा उघडी, कधी मिटी. दिवे अष्टौप्रहर जळत, म्हणोन त्यास रात्र कोणती आणि दिवस कोणता हे कळेना, आणि महिना उलटला तो त्याने खाणे कमी केले, रंग राखेसारखा जाहला, आणि पंजा उचलून मुजरा करणे राहिले.

वैद्य आले. त्यांनी पाला पाहिला, किडे पाहिले, पाणी पाहिले, आणि सांगितले की आहारात दोष नाही, परंतु तेलाच्या काजळीने यास श्वास घेणे जड जाते, आणि झोप नाही. मग कारभारी नारो विश्वंभर पुढे आले. हे राज्यातील शहाणे गृहस्थ, मनाने वाईट नव्हेत, परंतु गडाचा आब राखण्याची त्यांस मोठी काळजी. त्यांनी अर्ज केला की, दिव्यांनी नव्हे, काचेने काम होईल; बंदरात एक फिरंगी कारागीर आहे, तो काचेची घरे करितो, त्यांत ऊन साठते आणि वारा लागत नाही. आईसाहेबांची मर्जी बसली. सटवोजीचे दिवे उतरविले. त्याने स्वतःच्या हातांनी एकेक हंडी काढून कोठीत नेऊन ठेविली. त्या दिवशी घरी जेवावयास बसला तो घास तोंडाशी नेऊन पुन्हा ताटात ठेविला. त्याची बायको सखवार हिने पाहिले आणि ताट झाकून ठेविले.

माघमासी काचघर तयार जाहले. महालाच्या दक्षिणसज्जात ते बांधिले. चहूबाजूंनी आणि वरून स्वच्छ तावदाने, मधे वाळू, दगड आणि बोरीची एक वाळकी फांदी. त्या दिवसांत गडावर धुके नसते, ऊन निर्मळ पडते. दाढाजीस आत सोडिले, आणि दोन दिवसांत त्याने डोळे पुरते उघडिले, फांदीवर चढून बसला, एका दिवशी सात नाकतोडे खाल्ले. आईसाहेबांनी कारभाऱ्यांस वस्त्रे दिली. लोक काचघर पाहावयास येऊ लागले. सटवोजीस आज्ञा जाहली की, तू येथेच राहून सांजेस पडदा ओढावा आणि पहाटे काढावा, म्हणजे यास रात्र मिळेल. तीन पिढ्या ज्याच्या घराने उजेड केला त्यास अंधार करण्याचे काम मिळाले. परंतु सटवोजी रोज काचेपाशी बसू लागला, आणि बसता बसता त्यास त्या जनावराचा लळा लागला. उन्हाने काच तापे, आत सोनेरी धूळ तरंगे, दाढाजी तोंड उघडून बसे, आणि दोघेही अर्धे डोळे मिटून एकमेकांकडे पाहत. प्रहर कसा जाई ते कळत नसे.

फाल्गुनमास निम्मा जाहला तो सटवोजीच्या ध्यानी एक गोष्ट आली. दाढाजी फांदीवर चढताना थरथरे. प्रथम वाटले की फांदी हलते, मग फांदी धरून पाहिली, तरी थरथरे. पुढे पुढे पोट उचलून चालणे बंद जाहले, वाळूवर ओढीत जाई. मागला एक पाय धनुष्यासारखा बाकदार दिसू लागला. नाकतोडा तोंडात धरी, परंतु जबडा मऊ पडून तो सुटून जाई. ऊन भरपूर, ऊब भरपूर, रात्रीस अंधार, आहार उत्तम, आणि जनावर आतून वितळल्यासारखे होत चालले. वैद्यांस कारण सापडेना. कारभारी म्हणाले, परदेशी जनावर, त्याचे आयुष्यच इतके असेल. आईसाहेबांनी त्या दिवसापासून दूध-फळांवाचून काही घेतले नाही. सटवोजीस एकदा पडद्याआडून ऐकू आले, त्या दाढाजीस म्हणत होत्या, 'सुभान येईपर्यंत तरी थांब.' ते ऐकून सटवोजी सज्जाच्या पायरीवर जाऊन बसला, आणि खाली खोल दरीत ऊन भरले होते त्याकडे पाहत राहिला. त्यास वाटले की आपल्याला उजेडाविषयी काही ठाऊक नाही.

चैत्र शुद्ध नवमीस सटवोजी दोन घटकांची रजा घेऊन घरी गेला. त्याची लेक येसू बाळंतपणास माहेरी आली होती ती तेथेच होती. तिची पोर ठकू आषाढातली, ऐन धुक्यातला जन्म, पहिले चार महिने कोंदट खोलीत शेकशेगडीपाशी गेलेले. पोरीचे पाय बाकदार जाहले होते आणि मान धरण्यास फार उशीर लागला होता. सटवोजी आला तो सखवार अंगणात पाय पसरून बसली होती, ठकू उघडीवाघडी तिच्या पायांवर, अंगास तेल चोपडलेले, आणि दोघीजणी उन्हात. वारा गार होता. सटवोजी म्हणाला की, पोरीस आत न्यावे, देवघराच्या झरोक्यास काच बसविलेली आहे, तेथून ऊन चांगले येते आणि वाराही लागणार नाही. सखवार पोरीचे पाय चोळीत होती ती थांबली नाही. ती बोलिली, 'पौषभर तेथेच निजविली होती. पाय जैसे होते तैसेच राहिले. मग उघड्यावर काढिली, आणि आता बघा की.' ऐसे म्हणोन तिने पोरीचे दोन्ही पाय जुळवून दाखविले. ते सरळ होत आले होते. सटवोजीने खाली बसून त्या पायांवरून बोट फिरविले. तो बाक त्याच्या ओळखीचा होता. मग त्याने विचारिले, 'काचेतूनही तेच ऊन येते ना?' सखवार म्हणाली, 'दिसावयास तेच. मी काय तुमच्यासारखी दिवटी आहे? मला पोरीच्या पायांवरून कळले ते सांगितले.'

सटवोजी तेथून उठला तो पागोटे विसरून निघाला. वाटेने जाता जाता त्याच्या मनात एकच विचार घोळत होता की, डोळ्यास पोचते ते आणि हाडास पोचते ते ऐसे उन्हाचे दोन वाटे असावे, आणि काच पहिला वाटा आत सोडून दुसरा बाहेर ठेवून घेत असावी. आणि आपला दिवा तर पहिलाच वाटा देतो, दुसरा त्याच्यापाशी नाहीच. ही गोष्ट मनात स्पष्ट जाहली तेव्हा त्यास एका वेळी दुःखही जाहले आणि हलकेही वाटले. तडक महाली जाऊन त्याने आईसाहेबांपाशी अर्ज केला की काच काढावी. कारभारी तेथे होते. ते म्हणाले की, वरती घारी फिरतात, एक झेप घातली तर काय उरेल. शिवाय इतक्या यत्नाने केलेले काम एका दिवट्याच्या बोलण्यावरून मोडावे हे बरे दिसत नाही. आईसाहेबांनी सटवोजीकडे पाहिले आणि विचारिले, 'आधी तूच दिव्यांनी दिवस करू गेलास. आता म्हणतोस काच काढा. तुझे खरे कोणते मानू?'

सटवोजी बोलिला, 'आईसाहेब, पहिले माझे चुकले. मी तीन मास माझा उजेड दाढाजीस पाजला, आणि तो माझ्या डोळ्यांस बरा दिसला म्हणोन त्याच्या अंगासही बरा असेल ऐसे धरिले. माझ्या दिव्यांत ते नाही. माझ्या बापाच्या दिव्यांतही नव्हते.' मग ठकूच्या पायांची हकिकत त्याने सांगितली. उपरांत आईसाहेबांनी आज्ञा केली की, वरची तावदाने काढावी, घारीच्या भयास्तव कोळ्यांचे मासे धरण्याचे विरळ जाळे बांधावे, आणि दाढाजीचे बरेवाईट जे होईल ते मजवर.

मग सटवोजीने कामास हात घातला आणि या वेळी कशाचीही घाई केली नाही. दक्षिणेकडील तावदानेही काढून जाळे लाविले. एका अंगास दगड रचून उंचवटा केला की तेथे उघडे ऊन पुरते पडावे, आणि दुसऱ्या अंगास गवताचा आडोसा बांधून गार सावली केली, की जनावरास जेव्हा जैसे वाटेल तेव्हा त्याने तेथे जावे. कारण उन्हातच बांधून ठेविले तर तेही एक प्रकारचे कोंडणेच. तांबडे निळे काही ठेविले नाही. सांज जाहली म्हणजे आजूबाजूचा एकही दिवा लागू देत नसे. पहिले आठ दिवस काही फरक दिसला नाही. दाढाजी सावलीत चपटा पडून असे, आणि सटवोजी त्यास दोन्ही हातांनी उचलून उंचवट्यावर ठेवी, आणि उन्हात आपणही शेजारी बसे. त्याच्या कपाळाची कातडी सोलली. दहावे दिवशी दाढाजी आपल्या पायांनी दोन बोटे पुढे सरकला. चैत्र वद्यात त्याने नाकतोडा धरिला तो सुटला नाही, कडकन आवाज आला, आणि तो आवाज ऐकून सज्जातील दासी हसू लागल्या. वैशाखात त्याचा रंग पालटला. राखेतून पिवळा, पिवळ्यातून नारिंगी, जैसी संध्याकाळची माती. बाकदार पाय तैसाच राहिला, तो सुधारला नाही, परंतु पोट वर उचलून तो चालू लागला. एके दिवशी दुपारी आईसाहेब पडदा सारून सज्जात आल्या आणि उन्हात उभ्या राहिल्या. सहा मासांत त्यांच्या अंगास ऊन लागले नव्हते. डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, 'किती प्रखर आहे रे.' आणि आत गेल्या नाहीत.

परंतु ज्येष्ठ लागला आणि पश्चिमेकडून ढग दिसू लागले. आता चार मास गडावर सूर्य दिसणार नाही हे सर्वांस ठाऊक होते. सटवोजीने आठ दिवसांची रजा घेतली आणि पूर्वेच्या वाटेने एकटा गड उतरला. त्या दिवशी धुके इतके दाट होते की वाटेवरचा पुढला धोंडा पाय लागल्यावर कळे. तो चालतच राहिला. पहिली मजल धुक्यात, दुसरी मजल भुरभुर पावसात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चालता चालता त्यास आपली सावली दिसली. तो थांबला. मागे वळून पाहिले तो ढगांची पांढरी भिंत आकाशापर्यंत उभी, आणि पुढे माळच माळ, कुसळी गवत, काळे दगड, आणि त्यावर ऊन पसरलेले, जैसे कोणी वाळत घालून विसरून गेले आहे. सटवोजी एका दगडावर हात ठेवून पाहू लागला तो दगड तापलेला होता. तेथे एक म्हातारी धनगरीण मेंढरे घेऊन बसली होती. तिला विचारिले की, येथे पाऊस कधी येतो. ती म्हणाली, 'ढग येतात, वरून निघून जातात. आम्ही बोलावतो, पण त्यांना पुढे काम असते.' सटवोजी तेथे दोन दिवस राहिला, उन्हाचा पहिला किरण कोठे पडतो आणि शेवटचा कोठून जातो ते दगड मांडून पाहिले, आणि परत फिरला.

सदर भरली. सटवोजीने हकिकत सांगितली. कारभाऱ्यांनी ऐकून तोड काढिली की, दाढाजीस सटवोजीबरोबर माळावर धाडावे, चार मास तो तेथे राहील, आईसाहेबांनी गडावरच असावे. आईसाहेब म्हणाल्या की, मीही जाईन. तेव्हा नारो विश्वंभर हात जोडून बोलिले की, एका सरड्यामागे गडाची धनीण उघड्या माळावर राहुटीत राहिली ऐसे चार राज्यांत बोलतील, आणि बारा वर्षांत आपण गड उतरला नाही, आता कशासाठी. त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता. त्यांस खरेच भय वाटत होते. सदरेबाहेर धुके आले होते आणि हळूहळू खांबांमधून आत शिरत होते. आईसाहेब त्याकडे पाहत होत्या. मग बोलिल्या, 'कारभारी, सुभान गेला. तो आश्विनापूर्वीच गेला आहे, मला ठाऊक आहे. तुम्हां सर्वांस ठाऊक होते आणि तुम्ही माझ्यापुढे बोलिला नाहीत, हे तुमचे उपकार. त्याच्या छातीवर हे बसले होते. आता हे जगते आहे, तर मी याच्याजवळ बसेन. बोलणाऱ्यांस बोलू द्या.' सटवोजीने पागोट्याचा शेव डोळ्यांस लाविला. नारो विश्वंभर उठले, मुजरा केला, आणि म्हणाले, 'राहुट्यांची तजवीज मी करितो.' आणि त्याप्रमाणे त्यांनी केली, आणि उत्तम केली. क्रियेचे दिवसही त्याच आठवड्यात धरिले, आणि आईसाहेबांनी स्नान करून, बहुत दिवसांचे राहिलेले रडणे पोटभर रडून घेतले.

मग आषाढ शुद्ध द्वितीयेस पालखी गड उतरली. पुढे दिवटे म्हणोन सटवोजी चालत होता, हाती पलिते नव्हते, वेताची पेटी होती, आणि पेटीवर जाळे. दोन मजला धुक्यातून, पावसातून, कोणी कोणास न दिसता, पालखीच्या भोयांचे पाय तेवढे वाजत. तिसऱ्या दिवशी ढगांची भिंत संपली आणि सर्व मंडळी एकाएकी उन्हात आली. भोई आपोआप थांबले. कोणी थांबा म्हणाले नव्हते. आईसाहेबांनी पालखीचा पडदा उघडिला, खाली पाय ठेविला, आणि दाढाजीस आपल्या हातांनी काढून एका काळ्या दगडावर ठेविले. त्याने चारी पाय पसरिले, अंग रुंद केले, तोंड उघडिले, आणि डोळे मिटून बसला. आईसाहेब शेजारच्या दगडावर बसल्या. दिवस वर आला. गवतात नाकतोड्यांचा आवाज भरून राहिला होता. सटवोजी जरा टेकावे म्हणोन गवतात बसला, मग आडवा जाहला, आणि भर दुपारी, धनिणीच्या देखत, त्यास गाढ झोप लागली. एका हुजऱ्याने पुढे होऊन त्यास जागे करावे म्हटले, तो आईसाहेबांनी हातानेच नको म्हणोन सांगितले. सटवोजीस स्वप्न पडले की आपण गडावरचे सर्व दिवे उघड्या उन्हात मांडिले आहेत, सर्व लागलेले आहेत, आणि एकही ज्योत दिसत नाही. आणि त्यात त्यास काही वाईट वाटले नाही.

एणेप्रमाणे हकिकत जाहली. पुढे प्रतिवर्षी आषाढ ते आश्विन आईसाहेबांचे राहणे माळावर होऊ लागले, आणि रयतेस त्यांची गाठ घेणे सोपे जाहले. नारो विश्वंभरांनी काचघराची तावदाने गडावरील धान्यकोठीस बसविली, ती चांगली उपयोगी पडली. ठकू धावू लागली. दाढाजी आणखी सहा वर्षे वाचला, एका पायाने लंगडत, परंतु खाऊन पिऊन सुखात, आणि शके सतराशे पाचात भाद्रपदमासी माळावर दगडावरच बसल्या बसल्या गेला. तेव्हा त्याचे अंग उन्हाने ऊबदार होते म्हणोन बराच वेळ कोणास समजले नाही. तेथेच त्यास पुरिले. त्या जागी रोज सांजेस दिवा लावावा ऐसे कोणी सुचविले. सटवोजी तेव्हा फार थकला होता. तो म्हणाला, नको, सकाळी येथे ऊन लवकर येते. तेव्हापासून तेथे दिवा लावीत नाहीत. इति.